दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खुबा दुखत नाही, पण पाय उचलत नाही

तुमची पोस्ट वाचताना 'रिक्षात बसताना पायजम्याला धरून पाय आत ओढून घ्यावा लागतो' या वाक्याशी थांबले. चार वर्षांपूर्वी मीही हेच करत होते. पुण्यात कर्वे रोडवर, मागून बस हॉर्न देतेय आणि रिक्षावाले काका आरशातून बघताहेत. तुमचं खुब्यातलं लॅब्रम (सांध्याच्या वाटीच्या कडेची कूर्चेची झालर) शिवलंय, हाड तासलंय, अकरा आठवडे झालेत, दुखत नाही, डॉक्टर म्हणतात सगळं छान, आणि चालताना कंबर मात्र एका बाजूला पडते. माझीही हीच गत होती.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. शिवाय तुमचं मायक्रोफ्रॅक्चर (कूर्चा भरून यावी म्हणून हाडाला बारीक छिद्रं पाडणं) केलं असेल तर पायावर वजन टाकायचं वेळापत्रकच वेगळं असतं, तेव्हा सर्जनचंच ऐका.

कुबड्या, बर्फ, कमोड हे तुम्हाला माहीत असणारच. मला महागात पडला तो एक झेरॉक्स कागद.

डिस्चार्जच्या वेळी फिजिओ विभागातून व्यायामाचा कागद हातात ठेवला. तिरका छापलेला, चित्रातल्या माणसाचं डोकं कापलं गेलेलं. तिसरा व्यायाम: उताणं झोपून, गुडघा ताठ ठेवून पाय वर उचला, 20 वेळा, दिवसातून तीनदा. मी पडले शिस्तीची. कागद फ्रिजवर लावला, कॅलेंडरवर रोज तीन टिका. पाचव्या आठवड्यात जांघेत कट्ट आवाज यायला लागला आणि खुर्चीतून उठताना चमक. फोन केला तर उत्तर, "ताई, थोडं दुखणारच, सोडू नका." नाही सोडलं!

नवव्या आठवड्यात मैत्रिणीने दुसऱ्या फिजिओकडे नेलं. त्या बाईंनी कागद हातात घेतला, खालच्या कोपऱ्यातली बारीक ओळ वाचली आणि विचारलं, "तुमचा सांधा बदललाय का?" कागद सांधेबदलाच्या पेशंटचा होता. इतके दिवस फ्रिजवर होता, दूध काढताना रोज समोर यायचा, पण ती ओळ ना मी वाचली, ना देणाऱ्याने.

हे इतकं नडतं ते का? आपल्या ऑपरेशनमध्ये पाय ओढून सांधा जेमतेम सेंटिमीटरभर उघडतात आणि पुढच्या बाजूने सांध्याची पिशवी कापून आत जातात. पाय वर उचलणारा सोआस स्नायू तिथूनच जातो. आत सूज असली की स्नायूला पूर्ण हुकूमच पोचत नाही, त्यामुळे तो ढिला पडतो. त्या अवस्थेत ताठ पायाचं अख्खं वजन त्याच्यावर टाकलं की तो चिडतो, आणि चिडलेला स्नायू ताकद कमवत नाही. मला तो शांत करायलाच दोन महिने गेले. पालथं झोपणं, बिनओझ्याची सायकल, एवढंच.

तुमची कंबर पडते त्याचं कारण मात्र वेगळं. कुल्ल्याच्या बाजूचा ग्लुटिअस मीडिअस अजून झोपलाय. त्यासाठी मला ब्रिज (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं) आणि कुशीवर झोपून पाय उचलणं उपयोगी पडलं. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. कुबड्या लवकर फेकणाऱ्यांबद्दल मला जरा राग आहे, लंगडत चालायची सवय लागली की ती मोडायला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागतो. (माझं मत, भांडू नका.)

आणि 'ताकद ठीक आहे' असं कोणी हाताने दाबून सांगितलं तर तेवढ्यावर जाऊ नका. डायनॅमोमीटर नावाचं हातात धरायचं यंत्र असतं, त्यावर दोन्ही पायांचा आकडा काढून मागा. माझा पाय खुब्यातून वर उचलण्याचा आकडा तेव्हा चांगल्या पायाच्या निम्म्याच्या थोडा वर होता. चांगल्या पायाच्या साधारण 90 टक्क्यांपर्यंत आल्याशिवाय पळणं नको, असं मला सांगितलं होतं. तीन महिन्यांना कमी असणं नेहमीचं आहे, सहा महिने ते वर्ष धरून चला.

जाता जाता, फिजिओच्या बिलांचं. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'फिजिओथेरपी' लिहिलं असेल तर 'इतकी सेशन्स' असं सर्जनकडून लिहून घ्या. इन्शुरन्सच्या खिडकीवर माझी सगळी बिलं त्या एका शब्दावरून परत आली. वर त्यांनी 'मग घरीच करायचे ना व्यायाम' असा सल्लाही दिला. घरीच तर केले होते!

डिसेंबरात सिंहगड जमेल का, असं विचारलंय. आत्ता नाही सांगता येणार. आधी आरशासमोर ऑपरेशन झालेल्या पायावर अर्धा मिनिट उभे राहा, कंबर सरळ राहते का बघा. मग पर्वतीची टेकडी. 103 पायऱ्या चढणं सोपं आहे, कस लागतो तो उतरताना, तेव्हा पहिल्यांदा कठड्याच्या बाजूने उतरा आणि सोबत कोणाला तरी न्या. मी भाचीला नेलं होतं, ती वर भेळ खात बसली आणि मी एकटीच उतरले.