गोठ्याचं पाणी विहिरीत, गोठा चुलतभावाचा

निलंगा तालुक्यातल्या एका वाचकानं लिहिलंय: 'साडेतीन एकर रान आईच्या नावावर आहे. शेजारचं रान चुलतभावाचं. दोन वर्षांमागं त्यानं कर्ज काढून म्हशींचा गोठा टाकला, आज दावणीला नव्वद म्हशी आहेत. शेणाचा ढीग आमच्या धुऱ्याला लागून, आणि गोठा धुतलेलं पाणी नाल्यात. नाला आमच्या विहिरीजवळून जातो. या आषाढापासून विहिरीच्या पाण्याला वास येतो, वर हिरवट तवंग धरतो. खालच्या वस्तीवरच्या हातपंपाचंही तसंच झालंय. आम्ही पाणी उकळून पितो. घरात भावाचं तीन महिन्यांचं लेकरू आहे, त्याला वरचं दूध चालू आहे. चुलतभाऊ म्हणतो, हा शेतीचा जोडधंदा आहे, कारखाना नाही, कुठं जायचं तिथं जा. ग्रामपंचायतीत तोंडी सांगितलं, पण भावकीचं भांडण म्हणून कुणी मध्ये पडेना. नाल्यात मुरमाचा बांध घालून त्याचं पाणी त्याच्याच गोठ्यात फिरवावं असं मनात येतं. दिवाळी झाली, अजून काहीच झालं नाही. काय करू?'

दादा, कायद्याचं पुढं सांगतो, आधी लेकराचं. त्याचं दूध या विहिरीच्या पाण्यात कालवणं आजच थांबवा. उकळल्यानं जंतू मरतात, पण शेणामुतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ आणि नखं निळसर पडतात. तसं काही दिसलं तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा आणि पाण्याची गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगा. तोवर तपासलेल्या दुसऱ्या ठिकाणचं पाणी आणा, लांबून आणावं लागलं तरी.

आता बांधाचं. तो घालू नका. तुमचा राग खरा आहे, पण नैसर्गिक प्रवाह अडवला की मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडं तक्रार करायचा हक्क चुलतभावाला मिळतो. आज तक्रारदार तुम्ही आहात, उद्या सामनेवाले व्हाल. पाइप तोडणं, ढीग लोटणं, यातलंही काही नको.

'कारखाना नाही' या त्याच्या बोलण्यात दम नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 मधली औद्योगिक सांडपाण्याची व्याख्या फक्त चिमणीवाल्या कारखान्याला धरून नाही. उद्योग, कोणतंही कामकाज किंवा प्रक्रिया जिथं चालते त्या जागेतून बाहेर पडणारं घरगुती सांडपाणी सोडून बाकीचं, पातळ असो की घट्ट, त्यात येतं. कलम 24 तर 'कोणत्याही व्यक्तीनं' असंच सुरू होतं. घातक किंवा प्रदूषण करणारा पदार्थ प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर, थेट असो वा आडमार्गानं, जाणूनबुजून जाऊ द्यायचा नाही. आणि 'प्रवाह' म्हणजे काय, तर नदीबरोबर जलमार्गही, मग तो वाहता असो की त्या वेळी कोरडा. भूगर्भातलं पाणीही त्याच व्याख्येत आहे. आपल्याकडचे नाले वर्षातले सात-आठ महिने कोरडे असतात, म्हणून हे शब्द तुमच्यासाठी मोलाचे आहेत. 'नाल्यात पाणीच नसतं, प्रदूषण कशाचं?' असं कुणी विचारलं तर हीच व्याख्या पुढं ठेवा.

मोठ्या गोठ्यांचा विषय सरकारनं वेगळा विचारात घेतलेला आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढच्या (म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठापुढच्या) एका प्रकरणानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्ये डेअरी फार्म आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 2021 मध्ये ती सुधारली. गोठा कुठं असावा, शेण कसं साठवावं, धुण्याचं पाणी कुठं जावं, हे त्यांत आहे. मोठं जनावर दिवसाला साधारण 15 ते 20 किलो शेण टाकतं. नव्वद म्हशींचं रोजचं दीड टनाच्या आसपास होतं, मूत आणि धुण्याचं पाणी वेगळंच. दोन-चार जनावरांचं शेण रान पचवतं. एवढा ढीग एकाच जागी उघड्यावर पडला तर ते रानाच्या पचनापलीकडचं आहे. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात हातहातभर भेगाळते, खाली मुरूम, त्याखाली चिरा पडलेला काळा दगड. पहिल्या पावसाचं पाणी ढिगातून निथळून त्या भेगांतून किती लवकर खाली उतरत असेल, हे विहीर खांदलेल्या माणसाला मी सांगायला नको. वास आषाढातच यायला लागला, हे तुमच्या अर्जात आवर्जून लिहा.

पण दादा, असल्या प्रकरणांत माणसं कायद्यावर हरत नाहीत, पुराव्यावर हरतात. समोरचा वकील तुम्हाला तीन प्रश्न विचारेल. तुमची स्वतःची जनावरं किती आणि तुमचा उकिरडा विहिरीपासून किती लांब? संडासाचा शोषखड्डा कुठं आहे? उसाला, हळदीला युरिया किती टाकला? नायट्रेट या तिन्हींतून येऊ शकतं. म्हणून उकिरडा विहिरीजवळ असेल तर आधी तो हलवा आणि हलवल्याची तारीख लिहून ठेवा. मग एका विहिरीचा नमुना घेऊन थांबू नका. गोठ्याच्या वरच्या अंगाची एखादी विहीर, तुमची विहीर, नाल्यातलं डबकं आणि खालचा हातपंप, असे चार नमुने एकाच दिवशी घ्या. वरचं पाणी चांगलं आणि खालचं वाईट निघालं, तर युरियाचा मुद्दा बराच गळून पडतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नायट्रेट, क्लोराइड, अमोनिया आणि ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) तपासून मागा. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय मुळीच आढळता कामा नये, असं मानक आहे. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक केलेली लागते, ती प्रयोगशाळेतूनच आणा आणि भरल्यावर थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. रॉकेलच्या जुन्या कॅनमधून पाणी नेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि अहवाल कुचकामी निघाला.

हे नमुने यंत्रणा हलवण्यासाठी आहेत. सांडपाण्याचा कोर्टात टिकणारा नमुना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी घेतो. जल अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे गोठेवाल्याला नोटीस देऊन, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून, मोहोर आणि सह्या घेऊन. ही रीत चुकली तर तो अहवाल पुराव्यात धरला जात नाही. अधिकारी येतील तेव्हा तुम्ही रानात हजर राहा, पण मध्ये हात घालू नका.

आता क्रम. पहिलं, चुलतभावाला लेखी नोटीस, पोहोच मिळेल अशा टपालानं. शब्द सौम्य ठेवा, मजकूर स्पष्ट ठेवा, प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. कलम 24 मध्ये 'जाणूनबुजून' हा शब्द आहे, म्हणून हे करायचं. नोटीस पोहोचल्यावर 'मला माहीत नव्हतं' हे त्याला म्हणता येणार नाही. तोंडी बोलण्याची किंमत कोर्टात शून्य असते, ग्रामपंचायतीत बोललात त्याचीही. तिथंही लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या.

दुसरं, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लातूर उपप्रादेशिक कार्यालयात तक्रार. सोबत माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका: या गोठ्याला मंडळाची संमती आहे का, असल्यास तिची आणि अटींची प्रत, पाहणी झाली असल्यास अहवाल. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रार खरी निघाली तर जल अधिनियमाच्या कलम 33-अ खाली मंडळ गोठा बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचेही आदेश देऊ शकतं.

तिसरं, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज. जुन्या संहितेतलं कलम 133 ते हेच. ही तरतूद सार्वजनिक उपद्रवासाठी आहे, एकट्याच्या विहिरीसाठी गेलात तर अर्ज अडेल. हातपंपावर पाणी भरणाऱ्या घरांच्या सह्या घ्या, विशेषतः बायांच्या. पाण्याला कधीपासून वास येतो हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.

एवढ्यावर हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात. इथं तारीख सांभाळा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम 14 खालचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, सबळ कारण दाखवलं तर वर 60 दिवस मिळतात. आषाढापासून मोजलं तर तुमची मुदत पौषात संपते. नुकसानभरपाई आणि विहीर पूर्ववत करून मिळण्यासाठी कलम 15 आहे, त्याला पाच वर्षं. दोन्ही मागण्या घाला. नुसत्या मनाईसाठी फी 1,000 रुपये, भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का, पण 1,000 पेक्षा कमी नाही. 'प्रदूषण करणाऱ्यानंच भरायचं' हे तत्त्व त्या कायद्याच्या कलम 20 मध्ये लिहिलेलं आहे. ते आपल्याकडं रुजलं तेही विहिरींच्याच प्रकरणातून. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या होत्या. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माती-पाणी दुरुस्त करण्याचा खर्च कारखानदारांवर टाकला.

खर्चाची काळजी तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते. जमीन आईच्या नावावर आहे ना? मग अर्जदार आईच असू द्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. लातूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सातबारा आणि आधार घेऊन आईला सोबत न्या.

आणि तिथं गेलात की आणखी एक गोष्ट विचारा. दावा दाखल होण्याआधी दोन्ही पक्षांना बोलावून समेट घडवायची सोय त्याच कार्यालयात आहे. मला विचाराल तर नोटीस पोहोचल्यावर हा दरवाजा आधी ठोठवा. चुलतभावावर कर्ज आहे. उद्या गोठ्याला कुलूप लागलं तर त्याचं घर बसेल, आणि तुमची विहीर त्यानं आपोआप साफ होणार नाही. तुम्हाला काय हवंय ते मोजून मागा: ढीग धुऱ्यापासून हलवून पक्क्या तळाच्या, छपराच्या खड्ड्यात, धुण्याचं पाणी टाकीत साठवून त्याच्याच रानात, पिकाला झेपेल तेवढं, पत्र्यावरचं पावसाचं पाणी शेणात न मिसळता वेगळ्या चरीनं बाहेर, गोबरगॅस होत असेल तर उत्तम, विहिरीचा उपसा आणि गाळ काढण्याचा खर्च त्याचा, आणि पुढची दोन वर्षं पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची तपासणी, तीही त्याच्या खर्चानं. हे साध्या बाँडवर लिहून घेऊ नका. लोकअदालतीपुढं तडजोड नोंदवा, तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. फक्त बोलणी लांबली म्हणून पौषातली मुदत हुकवू नका. कार्तिक संपेपर्यंत सही झाली नाही, तर पुण्याचा अर्ज तयार करायला घ्या आणि बोलणी चालू राहू द्या.

चार बाटल्या घेऊन याच आठवड्यात लातूरला जा. अहवाल आला की त्याची प्रत मला पाठवा, नोटिशीचा मसुदा त्यावरून करू.