बेसमेंटमधली सापांची खोली: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या बेसमेंटमधल्या सापांच्या खोलीचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा पाऊस पडला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न होता: ‘वहिनी अजून घरात आहेत का?’ आहेत. उरलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. माझा पोटापाण्याचा धंदा इमारती गरम-गार ठेवण्याचा. साप पाळतोय २००३ पासून, सगळे बिनविषारी. त्यामुळे खोलीच्या हवेबद्दल मी जरा जास्तच बोलतो, ते सांभाळून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे सहा बॉल पायथन आणि तीन कॉर्न स्नेक आहेत. मुलाच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही. बेसमेंटमध्ये १० बाय १२ फुटांची खोली रिकामी आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं, अख्खी खोलीच ८५ फॅरनहाइटला तापवून ठेवू, म्हणजे पेटीपेटीला हीटर लावायची कटकट वाचेल. बरोबर आहे का? – एक वाचक, ईगन, मिनेसोटा

ह्यांना सांगा, कटकट वाचेल, पण कॉर्न स्नेक वाचेलच असं नाही.

सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. तो ऊन-सावलीत ये-जा करून अंग हवं तेवढं गरम ठेवतो. बॉल पायथन हा छोटा अजगर. त्याला पेटीच्या एका टोकाला ९०च्या आसपास (३२ सेल्सिअस) लागतं आणि दुसऱ्या टोकाला ७६ ते ८०. कॉर्न स्नेक इथल्याच आग्नेय अमेरिकेतला. त्याला उबेचं टोक ८५ला पुरतं आणि गार टोक ७५च्या जवळ लागतं. आता पाहा, पेटीचा गार कोपरा खोलीपेक्षा गार होणार कसा? तुम्ही खोलीच ८५ केलीत तर बिचाऱ्याला सावलीच उरली नाही. म्हणून उलटं करायचं. ज्याला सगळ्यात कमी ऊब लागते त्याच्या गार कोपऱ्याइतकी, म्हणजे ७५, फार तर ७६, एवढीच खोली गरम ठेवायची. वरची ऊब प्रत्येक पेटीत, प्रत्येकीला वेगळा थर्मोस्टॅट.

आता बेसमेंटची गंमत. खालची काँक्रीटची लादी जानेवारीत बर्फासारखी असते आणि गरम हवा छताला जाऊन बसते. माझ्या खोलीत पहिल्या हिवाळ्यात दाराजवळचा थर्मोस्टॅट ७४ दाखवत होता, म्हणून मी खूश. मग एका रविवारी तीन थर्मामीटर दोरीला बांधून छतापासून सोडले. छताशी ७८, कमरेशी ७४, जमिनीलगत ६८. एकाच खोलीत तीन गावं! त्यानंतर दोन गोष्टी केल्या. कोपऱ्यात एक छोटा पंखा अगदी मंद वेगाने, तोंड छताकडे करून, कायमचा सुरू ठेवला. आणि पेट्यांची उतरंड बदलली: कॉर्न स्नेक तळाला, पायथन वर.

तुमच्या खोलीत हे छान बसेल. चार फूट लांब, दोन फूट खोल अशा पीव्हीसीच्या पेट्या घ्या. तळाला दीड फूट उंचीची कॉर्न स्नेकची, तिच्यावर दोन-दोन फुटांच्या पायथनच्या दोन. खाली अर्ध्या फुटाचा चौरंग. झाली सहा फुटांची एक चळत. अशा तीन चळती म्हणजे नऊ पेट्या. दोन चळती १२ फुटांच्या भिंतीला, तिसरी समोर. मध्ये सव्वापाच-साडेपाच फूट मोकळे राहतात, तेवढे हवेतच, कारण चार-पाच फुटी पायथन हातात घेऊन वळायचं असतं. दोन्ही बाजूंना पेट्या मागच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ठेवा. वायरी तिथून जातात, आणि बाहेरच्या भिंतीचा गारठा थेट पेटीला लागत नाही.

भिंतींबद्दल: फाउंडेशनच्या काँक्रीटला आधी दोन इंची फोम बोर्ड, मग लाकडी चौकट, मग ड्रायवॉल, म्हणजे जिप्समची पातळ भिंत. आणि काँक्रीटवर जिथे लाकडी घर टेकतं, ती वरची पट्टी विसरू नका. मिनेसोटातला अर्धा गारठा तिथूनच आत येतो.

अख्खी खोली दमट करायचा मोह मात्र टाळा. पायथनला ६० टक्के दमट हवा लागते, आणि हिवाळ्यात फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, चालू असताना आपल्या घरात ती २५वर येते. मग साप कात तुकड्यातुकड्यांत टाकतो, डोळ्यांवरची पापुद्र्याची टोपी तशीच राहते. हे पाहून मी हौसेने खोलीत मोठा ह्युमिडिफायर लावला. सहा आठवड्यांत ड्रायवॉलच्या मागे काळी बुरशी! गार भिंतीला दमट हवा लागली की पाणी सुटतं, हे मी पगार घेऊन दुसऱ्यांना सांगतो आणि स्वतःच्या घरी विसरलो. दमटपणा पेटीत ठेवायचा: जाड थर नारळाच्या भुशाचा, पाण्याचं मोठं भांडं, एका लपणात ओलं शेवाळ. खोली ४० टक्क्यांवर राहिली तरी चालतं.

आणि फटी. साप निसटतो तो दारातून नाही, फटीतून. जिथे त्याचं डोकं जातं तिथे उरलेला साप जातो, आणि कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीएवढंच असतं. माझी खोली बांधणाऱ्याने बाहेरच्या नळाच्या पाइपासाठी ड्रायवॉलला पाइपाच्या दुप्पट भोक पाडलं होतं आणि ते पेटीमागे गेल्याने मला दिसलं नाही. एका जुलैत माझी नारिंगी कॉर्न स्नेक झाकण उचलून तिथून पसार झाली. मी फर्नेसमागे, ड्रायरमागे, सोफ्याच्या आत शोधलं. सापडली पाच आठवड्यांनी, सौ.ने गणपतीचं मखर काढायला खोका उघडला तेव्हा. थर्माकोलच्या दोन खांबांमध्ये वेटोळं घालून बसली होती, ठणठणीत. त्या वर्षी आरास मी एकट्याने केली.

तेव्हा पेट्या आत नेण्याआधी हातात टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसा. पाइपांच्या भोवती, प्लगच्या खोक्यांच्या कडेने, भिंत आणि फरशीच्या सांध्यात सिलिकॉन भरा. फर्नेसच्या हवेच्या झरोक्यांना आतून पाव इंची जाळी बसवा. दाराखाली रबरी पट्टी हवीच. खोलीत पाणी उपसायच्या पंपाचा खड्डा असेल तर त्याला घट्ट झाकण. जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूसाठी तसंही ते लागतंच. सुट्या फरश्यांचं खोटं छत असेल तर काढून टाका, एकदा साप त्यावर चढला की त्याला सगळं घर मोकळं. भिंती पांढऱ्या ठेवा आणि जमिनीला एकसंध व्हिनाइल, म्हणजे सुटलेला साप दिसतो आणि पुसायलाही बरं. रंग दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, माझ्या मते महिनाभर, पेट्या आत नेऊ नका.

जमलं तर खोलीतच एक सिंक करून घ्या. सापाची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत, यावर चर्चा नाही.

प्रश्न: वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन बोलवायलाच हवा का? पॉवर स्ट्रिप लावून भागणार नाही? आणि वीज गेली तर? – एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन

बोलवा. नवं सर्किट टाकायचं तर शहराची परवानगी आणि तपासणी लागते. पण त्याहून महत्त्वाचं, हिशोब करा. ८० वॅटचे नऊ हीटर म्हणजे ७२० वॅट, १२० व्होल्टवर ६ अँपिअर. फार नाही. पण खोली गरम करायला त्याच सर्किटवर १५०० वॅटचा तेलाचा रेडिएटर लावलात की त्याचे एकट्याचे साडेबारा अँपिअर होतात. १५ अँपिअरच्या सर्किटवर तासन्‌तास चालणारा भार १२च्या वर नेऊ नये, हा नियम आहे. म्हणजे एकटा रेडिएटरच नियमाबाहेर! पेट्यांना एक सर्किट, खोलीच्या हीटरला दुसरं, आणि हीटर कधीच पॉवर स्ट्रिपवर नाही.

थर्मोस्टॅटवरही आंधळा विश्वास नको. माझ्याकडे सुरुवातीला तळाशी हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, असलेला रॅक होता. एका रात्री थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, टेपवरून सुटून खाली लोंबकळला. तो मोजत होता खोलीची हवा, त्यामुळे त्याच्या लेखी पेटी गारच होती. तो बिचारा रात्रभर टेप तापवत राहिला. सकाळी पेटीच्या तळाला हात लावला तर चटका बसला. त्यातली पायथन वाचली, पण जखम भरायला तीन काती गेल्या आणि पोटावरचे खवले आजही वेडेवाकडे आहेत. आता प्रोब चिकटपट्टीवर नाही, क्लिपने स्क्रू करून बसवतो. आणि सगळ्या थर्मोस्टॅटच्या आधी एक मोठा थर्मोस्टॅट आहे. त्याचा प्रोब पेटीत असतो, आणि तिथे ९५च्या वर पारा गेला की तो सगळी वीज तोडतो.

वीज गेली तर घाबरू नका. साप गारठ्याने इतक्या लवकर मरत नाही जितक्या लवकर उष्णतेने मरतो. फोम लावलेली खोली काही तास ऊब धरून ठेवते. पेट्यांवर गोधड्या टाका, दार उघडझाप करू नका, त्या दिवशी खायला घालू नका, कारण गारठलेल्या पोटात उंदीर पचत नाही. हात गरम करायची रासायनिक पाकिटं थेट पेटीत मात्र टाकू नका, भाजतं.

प्रश्न: काका, मी १५ वर्षांचा आहे. पूर्ण खोलीच सापांची असेल तर त्यांना त्यात मोकळं सोडलं तर चालेल का? आणि खिडकीतून ऊन आलं तर हीटर लागणार नाही ना? – नेपरव्हिल, इलिनॉय

नाही रे. बॉल पायथनला मोकळी जागा दिलीस तर ती सगळ्यात अरुंद सांदीत जाऊन बसेल आणि चार दिवस जेवणार नाही. साप एकमेकांबरोबरही ठेवायचे नाहीत, एका पेटीत एक. आणि काचेच्या पेटीवर थेट ऊन पडलं तर तासाभरात ती भट्टी होते. खिडकी असू दे, पण पडदा लाव. नवा साप आणलास तर तो पहिले तीन महिने या खोलीत नाही, घरातल्या दुसऱ्याच टोकाला. एका सापावरचे माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, सगळ्यांवर जायला वेळ लागत नाही.

प्रश्न: मी पुण्यात असते. माझ्या भाच्याला कोणीतरी बॉल पायथन विकतोय. गच्चीवरच्या खोलीत ठेवू म्हणतो. – एक वाचक, पुणे

आधी कायदा. आपल्याकडचा नाग, धामण, घोणस, अजगर यांपैकी कुठलाही साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो अंगणात सापडलेला असला तरी. बॉल पायथन आफ्रिकेतला. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नियंत्रण आहे, आणि कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद सरकारकडे करावी लागते. २०२४च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ या सरकारी वेबसाइटवर होते. विकणाऱ्याकडे कागद मागा. ‘नंतर देतो’ म्हणाला तर तिथेच नमस्कार करा.

आणि गच्चीवरची खोली तर मुळीच नको. इथे माझं भांडण गारठ्याशी आहे, तुमचं स्लॅबशी असेल. मेच्या दुपारी तापलेल्या स्लॅबखाली ३८-४० सेल्सिअस सहज होतं, आणि पायथनचं सगळ्यात ऊबदार टोक ३२चं. खालच्या मजल्यावरची उत्तरेची खोली आणि एसी, शिवाय वीज गेली तर इन्व्हर्टर, एवढी तयारी नसेल तर भाच्याला कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा. १९८६ साली ते सुरू झालं तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. माझं हे वेड तिथलंच आहे.

प्रश्न: सासूबाई सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून येताहेत. सापांच्या खोलीचं एक वेळ सांगता येईल, पण फ्रीझरमधल्या उंदरांचं काय सांगू? – एक वाचक, ओमाहा

उंदरांचं काही सांगायची वेळच येऊ देऊ नका. गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर घ्या, त्याला कुलूप लावा. वितळवायची बादली, चिमटा, टॉवेल, सगळं सापांच्या खोलीत. स्वयंपाकघरातून तिकडे काही जाणार नाही आणि तिकडून काही येणार नाही, असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलंत की निम्मं काम झालं. खोलीच्या दारालाही वरच्या बाजूला कडी बसवा. हात साबणाने धुवायचे, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं नातवंड असेल तर त्याला खोलीत न्यायचंच नाही.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा आठवडाभर बेसमेंटचा जिना उतरली नाही. मग नागपंचमी आली. त्या दिवशी घरात विळी हातात घ्यायची नाही की तवा चढवायचा नाही, म्हणून तिला रिकामा वेळ होता. वाटीत दूध आणि लाह्या घेऊन ती खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, ‘आई, साप दूध पीत नाहीत, पोट बिघडेल त्यांचं.’ ती म्हणाली, ‘मग आत ठेवत नाही, बाहेर ठेवते.’ तडजोड झाली. दाराबाहेर रांगोळी, लाह्या आणि हळद-कुंकू. दूध आम्ही संध्याकाळी चहात घातलं.