किती एमएल देऊ विचारण्याआधी बाटली वाचा

"बाळ सात महिन्यांचं आहे, अंग तापलंय, पॅरासिटामॉल किती एमएल देऊ?" हा प्रश्न अमेरिकेतून येतो, इंग्लंडमधून येतो, ऑस्ट्रेलियातून येतो, आणि विचारणारा बिचारा घाबरलेला असतो त्यामुळे पटकन एक आकडा हवा असतो. पण असा आकडा मी देत नाही आणि कोणी दिला तर घेऊ नका. कारण एमएल म्हणजे डोस नव्हेच, डोस असतो एमजी मध्ये आणि तो ठरतो बाळाच्या वजनावर, आणि तेवढे एमजी किती एमएल मध्ये येतात ते प्रत्येक बाटलीत वेगळं असतं.

आता हे परदेशात राहणाऱ्यांना जास्त का सांगायचं, तर आपल्या घरात दोन देशांच्या बाटल्या असतात. इथली एक आणि आई-बाबा येताना घेऊन आलेली किंवा आपणच सुट्टीत "असू दे बरोबर" म्हणून बॅगेत टाकलेली एक. अमेरिकेत बाळांच्या टायलेनॉलमध्ये ५ एमएल ला १६० एमजी असतं (तिथे पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, औषध तेच). ब्रिटनमधल्या लहान बाळांच्या कॅलपॉलमध्ये ५ एमएल ला १२० एमजी. भारतातल्या सिरपमध्ये कधी १२०, कधी २५०, आणि भारतातले जे ड्रॉप्स असतात ना त्यात बहुतेक वेळा १ एमएल मध्येच १०० एमजी! ऑस्ट्रेलियात पण बेबी ड्रॉप्स साधारण एवढेच स्ट्राँग असतात.

हिशोब करूनच बघू. पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोस एका वेळी किलोला १० ते १५ एमजी. बाळ ७ किलोचं धरा, म्हणजे ७० ते १०५ एमजी. अमेरिकेतल्या डॉक्टरने सांगितलं अडीच एमएल द्या, ते झाले ८० एमजी, एकदम बरोबर. आता रात्री ती बाटली संपली आणि कोणीतरी भारतातले ड्रॉप्स काढले आणि "डॉक्टर अडीच म्हणाले होते" म्हणून तेवढेच भरले तर किती गेले? २५० एमजी, म्हणजे किलोला ३५ च्या वर. आणि ताप दोन दिवस राहिला, दर काही तासांनी तेच चाललं, तर लिव्हरवर येतं. यात मुद्दाम कोणी काही चुकीचं केलेलं नसतं, सगळे प्रेमानेच करत असतात, म्हणून तर भीती वाटते. उलट पण होतं, ब्रिटनच्या बाटलीतून अमेरिकेचे अडीच एमएल दिले तर ६० एमजीच जातात आणि मग ताप उतरत नाही म्हणून आणखी देत बसतात.

तर माझं सरळ मत, घरात पॅरासिटामॉलची एकच बाटली ठेवा, जिथे राहता तिथली. दुसरी टाकून द्या, एक्स्पायर झालेली नसली तरी. आई नाराज होतील, होऊ दे.

अमेरिकेत अजून एक गंमत म्हणजे बाटलीवर दोन वर्षांखालच्या बाळासाठी डोस लिहिलेलाच नसतो, नुसतं "डॉक्टरांना विचारा". म्हणून पुढच्या चेकअपला आजच्या वजनाला किती ते लिहूनच घ्या, बाटलीची स्ट्रेंथ पण त्याच कागदावर, आणि फ्रिजवर लावा. वजन वाढलं की परत विचारायचं. आणि पौंड-किलो सांभाळा हो, १८ पौंड म्हणजे ८ किलोच्या आसपास, १८ किलो नाही.

मोजायला बाटलीबरोबर आलेली सिरिंजच. घरातला चमचा नको, प्रत्येक घरातला चमचा वेगळा. बाळ बसतं असेल तर बसवून नाहीतर डोकं जरा वर धरून सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावायची आणि थोडं थोडं सोडायचं, एकदम घशात मारलं की ठसका लागतो. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, दूध अर्धं राहिलं की औषध किती गेलं देवालाच माहीत.

दोन डोसमध्ये कमीत कमी ४ तास. दिवसात किती वेळा ते देशाप्रमाणे बदलतं, ब्रिटनमध्ये ४ पेक्षा जास्त नाही, अमेरिकेत ५. दिलं की लगेच वेळ लिहा, कारण आईने दिलेलं बाबाला माहीत नसतं आणि आजीने दिलेलं दोघांना. सर्दीच्या सिरपमध्ये पण बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे नकळत डबल होतं, आणि तसंही एवढ्या लहान बाळाला सर्दीचं सिरप डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोच.

आयबुप्रोफेन हे वेगळं औषध आहे, त्याचा हिशोब वेगळा. अमेरिकेत ६ महिन्यांच्या आत नाही, ब्रिटनमध्ये ३ महिन्यांनंतर आणि वजन ५ किलोच्या वर असेल तर. अमेरिकेत त्याचे इन्फंट ड्रॉप्स मोठ्या मुलांच्या सिरपच्या दुप्पट स्ट्राँग असतात, इथेही तोच घोळ! बाळाला उलट्या-जुलाब होत असतील, अंगातलं पाणी कमी झालं असेल तर आयबुप्रोफेन देऊ नका. कांजिण्यांमध्ये पण नको. अ‍ॅस्पिरिन तर बाळाला अजिबात नाही.

बाळ ३ महिन्यांपेक्षा लहान असेल आणि ताप ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर आधी औषध नाही, आधी डॉक्टर, मध्यरात्र असली तरी. ब्रिटनमध्ये मेनबी (एका प्रकारच्या मेंदूज्वरावरच्या) लशीनंतर नर्स स्वतःच पॅरासिटामॉल द्यायला सांगते ती गोष्ट वेगळी, तेव्हा ती सांगेल तसंच द्या. आणि मोठ्या बाळाला सुद्धा ताप आकड्यासाठी उतरवायचा नसतो. १०१ ताप असून खेळतंय, दूध पितंय तर राहू दे. किरकिरं झालंय, दुखतंय, पीत नाही, झोपत नाही, तेव्हा द्या. आणि मलूल पडलं असेल, श्वासाला त्रास असेल तर डोस मोजत बसू नका, डॉक्टर गाठा.

डोस जास्त गेला असं वाटलं तर "बघू, ठीक दिसतंय" म्हणून थांबू नका, पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी बाळ अगदी नॉर्मल दिसू शकतं आणि लिव्हरचा त्रास नंतर कळतो. यावर उतारा आहे पण तो वेळेत मिळावा लागतो. अमेरिकेत पॉयझन कंट्रोल १-८००-२२२-१२२२, ऑस्ट्रेलियात १३ ११ २६, ब्रिटनमध्ये १११. स्वतः उलटी काढायला जाऊ नका. फोन करताना बाटली, बाळाचं वजन, किती दिलं आणि किती वाजता, एवढं समोर ठेवा.