फ्लॅटमध्ये राहून पर्यावरणपूरक जगायचे असेल, तर सुरुवात ओल्या कचऱ्यापासून करा

शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबाने पर्यावरणाची हानी कमी करण्यासाठी कोणत्या साध्या सवयी लावून घ्याव्यात, असा तुमचा प्रश्न आहे. माझे मत असे की, सवय निवडताना तिच्यामुळे रोज किती किलो कचरा, किती लिटर पाणी आणि किती युनिट वीज वाचते, हे आधी पाहावे. बांबूचा दात घासण्याचा ब्रश चांगलाच आहे, पण ब्रश तीन-चार महिन्यांतून एकदा बदलला जातो आणि भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा हे रोज निघते. म्हणून मी ओल्या कचऱ्यापासून सुरुवात करायला सांगेन.

आपल्या शहरांत घरगुती कचऱ्याचा साधारण निम्मा भाग वजनाने ओला असतो. तो सुक्या कचऱ्यात मिसळला की कागद, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक भिजून-चिकटून भंगारात घेण्याजोगे उरत नाही. कचरा डेपोवरच्या ढिगात तोच ओला कचरा खोल दबतो, तिथे हवा पोहोचत नाही आणि तो कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मोजले, तर मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भरते. ढिगातून झिरपणारे काळे पाणी भूजलात उतरते, ते वेगळेच. पुण्याच्या कचऱ्यापायी जवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षे दुर्गंधी आणि दूषित विहिरी सोसल्या आहेत. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, त्यामागे हे सोसणे होते. आपल्या घरातली घाण दुसऱ्याच्या गावात नेऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

घरच्या घरी खत करण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तळाला आणि बाजूंना छिद्रे पाडलेली झाकणाची बादली किंवा रंगाचा जुना, स्वच्छ धुतलेला डबा पुरतो. तो दोन विटांवर ठेवावा आणि खाली ताटली ठेवावी. तळाशी वाळलेल्या पानांचा जाड थर द्यावा, त्यावर दिवसभराचा ओला कचरा बारीक करून पसरावा, आणि तो दिसेनासा होईपर्यंत वरून पुन्हा पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकावे. पहिल्यांदा मूठभर तयार खत किंवा पाणी घालून पातळ केलेले आंबट ताक शिंपडले की जिवाणूंचे विरजण लागते. आठवड्यातून एक-दोनदा काठीने खालीवर करावे. दोन ते तीन महिन्यांत काळपट, भुसभुशीत आणि मातीसारख्या वासाचे खत तयार होते. डबा लवकर भरेल ही भीती बहुतेकांना असते, परंतु भाजीपाल्यात पाणीच जास्त असल्याने थर झपाट्याने खाली बसत जातो.

वास येतो म्हणून पुष्कळ जण हा उद्योग महिनाभरात सोडून देतात, त्यामुळे वास का येतो हे नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३०:१ या प्रमाणात लागतात. भाज्यांच्या ओल्या अवशेषांत नायट्रोजन आणि पाणी भरपूर असते. वाळलेली पाने कार्बन पुरवतात आणि हवेसाठी पोकळीही राखतात. पाने कमी पडली की पाणी साचते, हवा कोंडते आणि दुर्गंधी सुटते. अशा वेळी कोरडी पाने घालून सगळे उलटेपालटे करावे. वास दोन-तीन दिवसांत जातो. चिलटे झाली, तर फळांच्या साली उघड्या राहत आहेत असे समजावे. मांस, हाडे आणि तेलकट अन्न मात्र अशा लहान डब्यात घालू नये.

पावसाळ्यात कोरडी पाने मिळत नाहीत, म्हणून पानगळीच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्येच, दोन-तीन पोती भरून ठेवावीत. त्या दिवसांत अनेक सोसायट्यांमध्ये पाने झाडून कोपऱ्यात पेटवून देतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली असून त्यासाठी दंडही ठरवला आहे. ज्या पानांऐवजी आपण नंतर कोकोपीट विकत आणतो, तीच पाने जाळून शेजारच्या दमेकऱ्यांना त्रास द्यायचा, हे थांबवता येण्यासारखे आहे. घराला बाल्कनी नसेल, तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडावा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवण्याचे बंधन घातले होते, त्यामुळे ही मागणी अवाजवी ठरत नाही.

ओले बाजूला झाले की सुका कचरा सांभाळणे सोपे होते. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, तो पिशवीलाच लटकत ठेवावा, कारण एवढासा तुकडा कोणी वेचू शकत नाही आणि तो गटारात जातो. पिशव्या विसळून, वाळवून द्याव्यात. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही पद्धत रुजवण्यासाठी पुष्कळ प्रयत्न केले आहेत. तुटलेली काच, सुया आणि पाऱ्याच्या ट्यूबलाइट वेगळ्या, खूण करून द्याव्यात. आपण न केलेले वर्गीकरण कोणा बाईला उघड्या हातांनी करावे लागते, हे लक्षात ठेवले की ही सवय जड जात नाही.

प्लॅस्टिक पिशव्यांबद्दल फार लिहीत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे; घडीची कापडी पिशवी ऑफिसच्या बॅगेत कायम ठेवावी, म्हणजे येता-जाता भाजी घेताना अडत नाही.

स्वयंपाकात कडधान्ये आणि डाळ आधी भिजवावी, वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये डबे लावून शिजवावेत, आणि पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. एकदा दाब तयार झाला की आतले तापमान मोठ्या आचेने वाढत नाही, जास्तीच्या गॅसची उष्णता शिट्टीवाटे वाफेबरोबर निघून जाते.

आता विजेकडे येतो. आपल्याकडची बरीच वीज अजूनही कोळशावर तयार होते आणि देशाच्या ग्रिडमधील प्रत्येक युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट लागते, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला चाळीसच्या आसपास युनिट केवळ अंघोळीला लागतात. शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिल्यास पाणी आणि वीज दोन्ही कित्येक पटींनी वाढतात, त्यामुळे आपली बादली-तांब्याची अंघोळच उत्तम. इमारतीच्या गच्चीवर सौर बंब असूनही तो नादुरुस्त पडलेला आढळतो; नवे काही बसवण्याआधी तो दुरुस्त करून घ्यावा. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा, कारण तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

खर्च करायचाच असेल, तर तो पंख्यांवर करावा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रशविरहित) मोटरचा साधारण ३० वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. पाहुण्यांच्या खोलीतला वर्षातून चार दिवस फिरणारा पंखा तसाच राहू द्यावा, आणि घरातली वडीलधारी मंडळी ज्या खोलीत दिवसभर बसतात तिथला आधी बदलावा.