इंग्लंडच्या केअर होममध्ये नव्याने लागणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरपासून कामाला लागते आहेस, तर आधी फ्लूची लस घेऊन टाक. वृद्धांची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांना ती मोफत असते. मालकाने सोय केली नसेल तर फार्मसीत विचार आणि कामाचं ओळखपत्र सोबत ने. परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून डिसेंबरची वाट बघू नकोस.

कोविडच्या लसीचं वेगळं आहे. 11 नोव्हेंबर 2021 पासून केअर होममध्ये काम करायला ती सक्तीची होती, 15 मार्च 2022 ला सक्ती उठली. जुने कर्मचारी अजून ती सक्तीची असल्याचंच सांगतात, पण नियम दर हंगामात बदलतात; मॅनेजरला आजचा नियम विचार. सक्तीमुळे चांगले अनुभवी हात गेले, हे माझं मत. लस मात्र घ्यावीच.

बांगड्या, घड्याळ घरी. साधी अंगठी चालते. ग्लोव्हज आधी काढायचे, मग एप्रन, मास्क सगळ्यात शेवटी, आणि मधे हात धुणं. जुलाब-उलट्यांची साथ असेल तर हाताला लावायच्या अल्कोहोल जेलवर विसंबू नकोस, नोरोव्हायरस त्याने जात नाही, साबण-पाणीच.

ताप-खोकला असेल तर शिफ्टवर जायचंच नाही. पगार कापला जाईल म्हणून गोळी घेऊन जाणारे पुष्कळ बघितलेत. नव्वदीच्या आजींना तो संसर्ग झेपत नाही.

आणि डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) आजोबांनी लसीला नकार दिला तर दंड धरून ठेवू नकोस. सीनियरला बोलाव. तिथे 2005 चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट (स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ न शकणाऱ्यांसाठीचा कायदा) लागतो, निर्णय तुझ्या एकटीचा नाही.