‘शरिया प्रमाणित’ अ‍ॅपवरून लेथसाठी पैसे घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, पाच लाखांचा लेथ घ्यायचाय, व्याज नको, आणि एक अ‍ॅप ‘शरिया प्रमाणित, बिनव्याजी, झटपट मंजुरी’ म्हणतंय. मी कोल्हापुरात लहान कारखानदारांचे हिशेब आणि जीएसटी बघतो, त्या बाजूने सांगतो. हलाल-हरामचा निवाडा तुमच्या आलिमांकडून, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांकडून घ्या.

‘शरिया प्रमाणित’ हा शिक्का नंतर बघू. आधी विचारा, लेथचं बिल कोणाच्या नावावर निघणार? व्याज टाळायची इस्लामी पद्धत म्हणजे मुराबहा, नफा सांगून केलेली उधारीची विक्री. त्यात पैसेवाला मशीन आधी स्वतः विकत घेतो. ते त्याच्या मालकीचं असताना पडलं-फुटलं तर नुकसान त्याचं. मग स्वतःचा नफा उघड सांगून तो ते तुम्हाला हप्त्यांवर विकतो. मशीनला हातही न लावता पाच लाख तुमच्या खात्यात टाकून वर ‘नफा’ कापत असतील, तर ते साधं कर्जच झालं.

आपल्याकडे बँकेला हे करताच येत नाही. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ८ ने बँकेला मालाचा व्यापार बंद आहे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती अधिकारातल्या उत्तरात हा विषय पुढे न नेण्याचा निर्णय कळवला. तेव्हा अ‍ॅप स्वतःला ‘इस्लामिक बँक’ म्हणवत असेल तर काढून टाका. एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीचं नाव सांगत असेल, तर ती कंपनी आणि ते अ‍ॅप दोन्ही रिझर्व्ह बँकेच्या यादीत शोधा.

आता शिक्का. सही करणाऱ्या आलिमांना मानधन कोण देतं? कंपनीच देते, मलेशियातही. पण तिथे प्रत्येक इस्लामिक बँकेच्या शरिया समितीवर मध्यवर्ती बँकेची सल्लागार परिषद आहे, आणि तिचा निर्णय कोर्टावरही बंधनकारक असतो. शिवाय शरिया ऑडिट होतं, म्हणजे कागदावर मंजूर झालेला करार प्रत्यक्षात तसाच झाला का, हे तपासलं जातं. आपल्याकडे वरचा हा मजला मुळातच नाही. इथलं सर्टिफिकेट बहुधा कराराच्या नमुन्याला मिळालेलं असतं, तुमच्या व्यवहाराला नव्हे. बेंगळुरूच्या आयएमए (आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी) या कंपनीने ‘हलाल गुंतवणूक’ म्हणतच हजारो लोकांचे पैसे गोळा केले आणि २०१९ मध्ये ती कोसळली.

माझी आवडती परीक्षा म्हणजे हप्ता चुकला तर काय? मुराबहात एकदा ठरलेली किंमत वाढत नाही. उशिराचा दंड घेतला तरी तो दानात जायला हवा, फार तर प्रत्यक्ष झालेला खर्च वसूल करता येतो. करारात ‘दररोज अमुक टक्के’ लिहिलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

आणि बिनव्याजी म्हणजे फुकट असं धरून चालू नका. पाच लाखांचा लेथ ५ लाख ६० हजारांना, २४ हप्त्यांत, म्हणजे महिन्याला साधारण २३,३३३ रुपये. बँकेच्या कर्जाशी ताडून पाहिलं तर हा दर वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास जातो. वर कराची भानगड: कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, पण इथे ६० हजारांचा नफा विक्रीच्या किमतीत धरला जातो, त्यामुळे त्यावरही जीएसटी. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने भरत असाल तर त्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळेल, कंपोझिशनमध्ये (लहान व्यवसायांसाठीच्या ठरावीक दराच्या योजनेत) असाल तर तो पैसा गेला.

थोडी रक्कम कमी पडत असेल तर बिनव्याजी कर्ज देणारी एखादी नोंदणीकृत पतसंस्था शोधा. तिथे सेवाशुल्क रकमेच्या टक्क्यात आहे की खरोखर होणाऱ्या खर्चाएवढं, तेवढं विचारा. आणि ऑडिट रिपोर्ट मागा. सभासद झालात की तो मागायचा तुमचा हक्कच आहे.