निळा खडा सापडला, आता नाव काय ठेवायचं?

या वेळचे बरेचसे प्रश्न फिरून एकाच गोष्टीवर येतात, की आपल्या हातातलं खनिज नवीन आहे का. चार घेतोय.

वाघोलीच्या एका क्वारीतून आणलेल्या दगडात गडद निळे गोळे दिसतायत. फोटो पाठवलाय. नवीन खनिज असेल का?

फोटो मस्त आलाय, पण नवीन नाही हो, कॅव्हॅन्साइट आहे. बेसॉल्टमधल्या (आपल्या काळ्या दगडातल्या) पोकळीत स्टिल्बाइट नावाच्या पांढऱ्या खनिजावर असे निळे गेंद बसलेले असतात आणि वाघोली त्यासाठी जगभर फेमस आहे. मूळ शोध मात्र अमेरिकेतल्या ओरेगनचा, १९७३ साली त्याचं वर्णन छापून आलं. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांची सुरुवातीची अक्षरं जोडून नाव केलंय, निळा रंग व्हॅनेडियममुळे. फक्त एकदा गेंदाच्या बुडाशी भिंगातून बघा, सुटे गेंद दगडावर गोंदाने चिकटवून विकतात लोक.

वाचलं की पेंटागोनाइटचं रासायनिक सूत्र कॅव्हॅन्साइटचंच आहे. मग दोन नावं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला! सूत्र एकच, रचना वेगळी. दोन्हीत सिलिकॉन-ऑक्सिजनचे चौफलक (मधे सिलिकॉन, चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन) एकमेकांना जोडून थर तयार होतो, पण कॅव्हॅन्साइटमध्ये त्या थरात चार-चार आणि आठ-आठ चौफलकांची कडी असतात, पेंटागोनाइटमध्ये सहा-सहाची. त्याच लोकरीने दोन वेगळ्या विणीचे स्वेटर विणले तर कसं, तसं समजा. थरांना जोडायचं काम व्हॅनेडियम करतं आणि मधल्या जागेत कॅल्शियम आणि पाणी. पेंटागोनाइटचे जुळे स्फटिक पाच टोकांच्या चांदणीसारखे दिसतात, नाव त्यावरूनच. तेव्हा कुणी नुसता केमिकल रिपोर्ट दाखवून नवीन खनिज म्हणत असेल तर अर्धंच काम झालंय, आधी रचना विचारा.

आणि ही आतली वीण दिसते कशी? दाणा केवढा लागतो?

मिठाच्या कणाहूनही लहान चालतो, पण एकसंध हवा. तो काचेच्या बारीक धाग्याच्या टोकावर चिकटवायचा, एक्सरेच्या झोतात गरगर फिरवायचा, डिटेक्टरवर ठिपके उमटतात. ठिपके कुठे पडले त्यावरून स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान चौकटीचं, म्हणजे एकक पेशीचं, माप कळतं, किती ठळक त्यावरून कुठला अणू कुठे बसलाय ते. मूलद्रव्यं मोजायला इलेक्ट्रॉनचा झोत मारणारं यंत्र, इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब, पण त्याला हायड्रोजन दिसत नाही, म्हणून पाण्यासाठी रामन किंवा इन्फ्रारेड ही प्रकाशाने करायची तपासणी वेगळं करावं लागतं. खरी कटकट दाणा निवडण्यात असते, भिंगाखाली सुईने उचलायला जावं तर नेमका टुणकन उडतो आणि मग टेबल पुसत बसा.

लॅबमध्ये बनवलेलं चालतं का? आणि आजोबांचं नाव देता येईल का?

लॅबचं चालत नाही, निसर्गात सापडायलाच हवं. ब्रिजमनाइट बघा, पृथ्वीच्या खालच्या मॅन्टलमधलं (कवच आणि गाभा यांच्या मधल्या थराच्या खालच्या भागातलं) सगळ्यात जास्त असलेलं खनिज, लॅबमध्ये कधीच बनवून झालेलं, तरी नाव मिळायला २०१४ उजाडलं, कारण नैसर्गिक दाणा मिळाला तो ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम उल्केत. पुढे तेच आपल्या काटोलला २०१२ मध्ये पडलेल्या उल्केतही सापडलं.

नावाचं म्हणाल तर प्रस्ताव आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाकडे जातो, सदस्य मतदान करतात, मान्य झालं की मगच छापायचं. स्वतःचं नाव देता येत नाही. आजोबांचं देता येईल, पण ते दगड गोळा करणारे वगैरे असतील तर गोष्ट गळी उतरते, उगाच प्रेमापोटी म्हटलं तर आयोग प्रश्न विचारणारच. आणि हो, ज्या नमुन्यावर काम केलं तो संग्रहालयात जमा करावा लागतो, घरच्या शोकेसमध्ये ठेवता येत नाही, तेव्हा दगड फोडताना एखादा तुकडा आधीच बाजूला काढून ठेवा.